पानाच्या पोटातल्या खुणा

उल्हासनगरच्या ओ.टी. सेक्शनमध्ये साड्यांचं एक जुनं दुकान होतं. त्या दुकानाची वेबसाइट मैत्रेयी गांगुर्डेने बनवली. महिन्याभराने मालकाचा तणतणत फोन आला. नेटवर शोधलं की त्याचं दुकान ऑपरेशन थिएटरच्या दिव्यांच्या आणि टेबलांच्या यादीत येत होतं. ओ.टी. म्हणजे एक वस्ती, हे उल्हासनगरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण मशीनला कोण सांगणार?

त्या फोनने मैत्रेयीच्या डोक्यात किडा सोडला. ती उल्हासनगरच्याच सुभाष टेकडीवर वाढलेली, बी.एस्सी. आयटी झालेली, अंबरनाथ पूर्वेला मुकेशभाईंच्या ऑफिसात वेबसाइट बनवायला लागून दोन वर्षं झालेली. ऑफिस म्हणजे फरसाणाच्या दुकानावरचा पोटमाळा. तीन कॉम्प्युटर, एक पंखा आणि खालून दिवसभर येणारा तळणीचा वास. तिथे बसून ती परदेशातल्या लोकांचं लिखाण वाचायची आणि त्यातच तिला हवं ते सापडलं. पानावरची अक्षरं माणसांसाठी असतात, पण त्याच पानाच्या पोटात, न दिसणाऱ्या कोडमध्ये, मशीनसाठी खुणा करून ठेवता येतात. हे नाव आहे, हा पत्ता आहे, ही तारीख. पान दिसायला तसंच राहतं, फक्त मशीनला त्याचा अर्थ लागतो.

"मग यात कस्टमरला काय दिसणार?" मुकेशभाईंनी विचारलं.

"काहीच नाही."

"बेटा, जे दिसत नाही ते विकायचं कसं? मेरे को समझा." मुकेशभाई सिंधी, उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये जन्मलेले. मराठी आणि हिंदी त्यांच्या तोंडात एकाच ताटात जेवायच्या.

मैत्रेयीने समजावलं. मुकेशभाईंचं स्वतःचं एक पोर्टल होतं. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापुरात कुठे काय कार्यक्रम आहे ते त्यावर इंग्रजीत टाकलेलं असे, कारण मराठी अक्षरांचे तेव्हा अर्ध्या कॉम्प्युटरवर चौकोन व्हायचे. त्या कार्यक्रमांच्या तारखांना खुणा केल्या, तर एका क्लिकसरशी कार्यक्रम लोकांच्या कॅलेंडरात जाऊन बसेल.

"कर," मुकेशभाई म्हणाले. "पण साड्यावाला शांत झाला पाहिजे पहिले."

साड्यावाल्याच्या पत्त्याला तिने खुणा केल्या. मग पोर्टल हाती घेतलं. पद्धत अशी होती: पानावर 'रविवार, संध्याकाळी साडेसहा' असं लिहायचं, आणि त्या शब्दांमागे, 'कि.मी.'सारख्या संक्षेपाचं पूर्ण रूप सांगायला लावतात ती खूण लावून, तीच वेळ मशीनच्या आकड्यांत ठेवायची. तिने वाचलेल्या नमुन्यात वेळ ग्रिनिचची, म्हणजे इंग्लंडच्या घड्याळाची होती, म्हणून तिनेही आपले साडेपाच तास वजा करून ग्रिनिचचीच घातली. मशीनला तो हिशेब येतो. तिने क्लिक केलं आणि कार्यक्रम तिच्या कॅलेंडरात बरोबर साडेसहाला जाऊन बसला. तिने आनंदाने टाळी वाजवली. मुकेशभाई चष्म्यावरून बघत राहिले.

डिसेंबरातल्या एका सोमवारी ऑफिसचा फोन वाजला. मुकेशभाईंनी थोडा वेळ ऐकलं, मग रिसीव्हर तिच्यापुढे धरला. "कोई पाटील है बदलापूरचे. तुझ्याशी काम आहे."

"काल धवल्यांच्या, लग्नातल्या गाण्यांच्या कार्यक्रमाला गेलेलो मी," पलीकडचा माणूस म्हणाला. आवाज भारदस्त, एकेक शब्द तोलून टाकणारा. "शिवमंदिराजवळच्या हॉलवर. तुमच्या साइटवर बघून. दुपारी एक वाजता."

"पण काका, कार्यक्रम तर संध्याकाळी होता. साडेसहाला. पानावर स्वच्छ लिहिलंय."

"लिहिलं असेल. मी वाचत नाय, ऐकतो. मला दिसत नाय."

मैत्रेयीने पुढ्यातला कागद ओढला आणि त्यांचं नाव विचारलं.

त्यांचं नाव जनू पाटील. लहानपणी देवी येऊन डोळे गेले. तरी शिकले, आणि एका केमिकल कंपनीत तीस-एक वर्षं टेलिफोन ऑपरेटर म्हणून काढली. आता रिटायर होऊन बदलापूर पश्चिमेला राहत होते. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम होता आणि त्याच्या जोरावर ते पेपर वाचायचे, मेल लिहायचे. काल काठी टेकत ते एकटे हॉलवर गेले. दाराला कुलूप. शेजारच्या हारवाल्याने सांगितलं, आज काही नाय वाटतं इथे. कार्यक्रम रद्द झाला असं समजून ते घरी आले आणि रात्री कळलं की कार्यक्रम झाला, झकास झाला.

"मी भांडायला नाय फोन केला," जनूकाका म्हणाले. "पण गेल्या महिन्यापासून तुमचं पान माझ्यापुढे आकडे बडबडतंय. आधी नव्हतं असं. काय केलंत ते सांगा."

काय केलं होतं ते मैत्रेयीला ठाऊक होतं. फोनवर ते सांगायला मात्र तिला तोंड नव्हतं. "काका, मी रविवारी घरी येऊ का?" एवढंच ती म्हणाली.

जनूकाकांचं घर म्हणजे जुन्या घराच्या जागी उभी राहिलेली दुमजली इमारत. पुढच्या अंगणात अजून शेवग्याचं झाड होतं. अंजनाकाकींनी चहा आणि तांदळाची बोरं आणून ठेवली. कॉम्प्युटर खिडकीपाशी होता आणि मॉनिटरवर भरतकामाचा रुमाल टाकलेला होता.

"तो बंदच असतो," काका म्हणाले. "मला काय त्याचं? हिला देव ठेवायला जागा झाली." खरंच मॉनिटरवर पितळेचा छोटा खंडोबा होता.

त्यांची बोटं कळांवर धावली आणि स्पीकरमधून एक परदेशी आवाज भराभरा इंग्रजी बोलू लागला. काका त्याला 'गोरा' म्हणत. गोरा बदलापूरला बॅडलापर म्हणायचा आणि उल्हासनगर त्याला कधीच एका दमात जमायचं नाही. काकांनी तो जुना कार्यक्रम काढला. गोऱ्याने नाव वाचलं, हॉल वाचला. मग तारखेपाशी आला आणि अडखळत एक लांबलचक आकडा ओकला, कोट्यवधींतला. त्यात मध्येच टी, शेवटी झेड.

"साडेसहा कुठेय यात?" काकांनी विचारलं.

साडेसहा नव्हतंच. संक्षेप आला की समोरचं सोडून त्याचा पूर्ण अर्थ वाचायचा, असं काकांनी गोऱ्याला बजावून ठेवलं होतं. त्यामुळे माणसांसाठी लिहिलेलं वाक्य तो गिळून टाकत होता आणि मागची मशीनची नोंद मोठ्याने वाचत होता.

"मी मग अक्षर अक्षर ऐकलं," काका म्हणाले. "टू झीरो झीरो एट, हे वर्ष. वन टू, वन फोर, ही तारीख. टी म्हणजे टाइम असणार. वन थ्री झीरो झीरो. कंपनीत रेल्वेच्या वेळा अशाच सांगायचो आम्ही. तेरा म्हणजे दुपारचा एक. बरोबर ना?"

"बरोबर," मैत्रेयी म्हणाली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पण शेवटचा झेड म्हणजे ती ग्रिनिचची वेळ आहे काका. इथली नाही. चूक माझी आहे."

काकींनी चहाचा कप तिच्याकडे सरकवला. "निवलाय बघ," त्या हळूच म्हणाल्या.

"मी कशाला एवढा जीव टाकत होतो, ते पण ऐक," काका म्हणाले. "द्रौपदी मावशी गाणार होती. आमच्या आगऱ्यांत लग्न लागतं ते धवलारणीच्या तोंडून. ती गाते ते धवले. माझं लग्न मावशीनंच लावलं. आता ऐंशीच्या पुढे गेलीय. घरी जाऊन गा म्हटलं तर गात नाय, मांडव पायजे बोलते. कार्यक्रम ठेवणाऱ्या मंडळवाल्यांनी स्टेजवर आंब्याचे टहाळे लावून मांडव घातला, तेव्हा कबूल झाली. मी रेकॉर्डर घेऊन गेलेलो."

 मैत्रेयीने मग सगळं सांगितलं. हे आकडे कशासाठी, मशीनला अर्थ कळावा म्हणून काय काय करतात, ओ.टी. सेक्शनच्या साड्या कशा ऑपरेशनच्या टेबलांवर जाऊन पडल्या. साड्यांची गोष्ट ऐकून काका खदखदून हसले. हसू ओसरल्यावर म्हणाले, "पण पोरी, माझा गोरा पण मशीनच ना? मग त्याला का नाय कळलं?"

परत येताना तिच्या मनात तेच घोळत राहिलं. मशीन मशीनमध्ये फरक होता. एक स्वतः समजून घेणारं. दुसरं काहीच न समजता माणसाच्या कानात सांगणारं. तिने पहिल्यासाठी लिहिलेली चिठ्ठी दुसऱ्याच्या हातात पडली होती.

"काढून टाक सगळं," सोमवारी मुकेशभाई म्हणाले. "पहले जैसा था, वैसा कर दे. कोणाची तक्रार नव्हती."

"तेवढं आत्ता काढते," मैत्रेयी म्हणाली आणि तिने तिथल्या तिथे आकडे काढून टाकले. "पण भाई, तेव्हाही काकांना कार्यक्रम स्वतः शोधत बसावा लागायचाच. खुणा नीट केल्या तर त्यांचा कॉम्प्युटर आपणहून सांगेल त्यांना."

"साईं, तू ऐकणार नाहीस." मुकेशभाईंनी हात जोडले. पण त्या दिवशी फरसाणवाल्याकडून त्यांनी तिच्यासाठी समोसा मागवला.

तिने जगभरचे हे काम करणारे लोक जिथे लिहायचे तिथे आपली हकिकत लिहिली. आपलं इंग्रजी तिने चार वेळा तपासलं. उत्तर येईल असं तिला वाटलं नव्हतं. आलं तेव्हा कळलं की हे दुखणं तिचं एकटीचं नाही; कितीतरी लोक या आकड्यांवरून केव्हापासून वाद घालत होते. एकाने लिहिलं, तुझ्या काकांची दुपार वाचून मी माझं मत बदललं. दुसऱ्या एका बाईने आरडीएफए नावाच्या, नुकत्याच पक्क्या झालेल्या पद्धतीकडे बोट दाखवलं. तिच्यात मशीनची नोंद अशा कप्प्यात जायची की तो डोळ्यांनाही दिसत नाही आणि वाचून दाखवणारा प्रोग्रामही तिथे डोकावत नाही.

ऐकायला सोपं, करायला किचकट. मैत्रेयी एक पान बनवायची आणि काकांना फोन लावायची. काका रिसीव्हर स्पीकरला लावायचे. पहिल्या खेपेला गोऱ्याने तारीख दोनदा वाचली. दुसऱ्या खेपेला तो तारखेपाशी येऊन गप्पच झाला.

"रुसला," काका पलीकडून म्हणाले.

तिसऱ्या खेपेला गोरा म्हणाला, "संडे, सिक्स थर्टी पी.एम." आणि पुढच्या ओळीवर गेला, जणू काही झालंच नाही.

"परत वाचायला लावा," ती म्हणाली.

काकांनी परत लावलं. मुकेशभाईंनी कधी नव्हे ते खुर्ची ओढून रिसीव्हरला कान लावला. "इंग्लिश बढिया आहे याची," ते म्हणाले.

मग तिने एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो त्या खुणांवरून कार्यक्रम उचलायचा आणि ज्याला हवं त्याच्या कॅलेंडरात नेऊन टाकायचा; कॅलेंडर मग आदल्या दिवशी आठवण करून द्यायचं. संक्रांतीनंतर एका सकाळी काकांचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही.

"गोरा आपणहून बोलला! मी पेपर ऐकत होतो, मध्येच बोलतो, उद्या बदलापुरात व्याख्यान आहे, सहा वाजता. मला कोणी सांगावं लागलं नाय. अंजनाला मी सांगितलं. नेहमी ती मला सांगते."

 "जाणार ना?" मैत्रेयीने विचारलं.

"विषय भिकार आहे. पण जाणार."

माघात काकांच्या भाच्याचं लग्न निघालं. धवलारीण द्रौपदी मावशीच होती. काकांनी मैत्रेयीला आवर्जून बोलावलं. "मांडव आहे, मावशी आहे, रेकॉर्डर आहे. तू फक्त ये. गाण्यांचं पान तुला करायचंय."

हळदीच्या दिवशी मांडवात मावशी पाटावर बसली. किरकोळ बाई, अंगावर हिरवं लुगडं, कपाळावर ठसठशीत गोंदण. तिने डोळे मिटले आणि 'पयली हळद गो कोनाचे शेतानची' असं उचललं, आणि गडबडीचा मांडव आपोआप गप्प झाला. काका तिच्या पायाशी रेकॉर्डर धरून बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता. मैत्रेयी बौद्ध घरातली. तिच्याकडची लग्नं वेगळी. या गाण्यांतलं निम्मं तिला कळलं नाही, तरी गाणं संपेपर्यंत ती जागची हलली नाही.

लग्नाची धामधूम सरल्यावर ती लॅपटॉप घेऊन काकांकडे गेली. लॅपटॉप मुकेशभाईंनी स्वतःचा दिला होता. "खाली पाडू नको" एवढंच ते म्हणाले होते. मावशीलाही काकांनी बोलावून घेतलं होतं. एकेक गाणं लावायचं, त्याचे शब्द मराठीत उतरवायचे आणि पोटात खुणा करायच्या, असं ठरलं. चौकोन दिसले तर दिसले, असं काका म्हणाले. गाणं काय इंग्रजीत लिहायचं?

"मावशी, तुमचं नाव मी गाणारी म्हणून लिहिते," मैत्रेयीने सांगितलं. "नाहीतर नुसतं द्रौपदी म्हटलं की मशीनला वाटेल पांडवांची."

मावशीला ते फार आवडलं. "ती कशाला गातेय धवलं!" म्हणून ती तोंडाला पदर लावून हसली.

"हे गाणं कधी म्हणतात?"

"तेलवनाला."

"आणि रचलं कोणी?"

मावशीने तिच्याकडे पाहिलं, मग काकांकडे. "रचला? मना काय ठाव? मना माझे आयशीनी शिकवला."

मैत्रेयीचे हात कळांवर थांबले. गाण्यांसाठी शब्दांचा जो साचा जगाने बनवला होता, त्यात कवीला जागा होती, संगीतकाराला होती, कंपनीलाही होती. आयशीला नव्हती. रचणारा 'अज्ञात' असं लिहून पुढे जाता आलं असतं. बहुतेकांनी तेच केलं असतं.

"काय झालं?" काकांनी विचारलं. कळांचा आवाज थांबलेला त्यांना लगेच ऐकू आला होता.

"यात शिकवणारीची खूणच नाही."

"मग?"

तिने जरा विचार केला. या नव्या पद्धतीत एक सोय होती. साच्यात शब्द नसेल तर आपला नवा शब्द पाडायचा, त्याचा अर्थ एका पानावर सांगून ठेवायचा, आणि तो जगातल्या कुठल्याही शब्दाइतकाच खरा. एवढ्या मोठ्या लोकांनी बनवलेल्या गोष्टीत आपण शब्द घालायचा, हे तिला क्षणभर आगाऊपणाचं वाटलं. मग तिने घातला. गाणं, आणि त्यापुढे: कोणाकडून शिकलं.

"मावशी, आईचं नाव?"

"आयशीचा नाव पन घालतेस?" मावशी सावरून बसली. "बनूबाई."

"आणि बनूबाईंना कोणी शिकवलं?"

"तिचे सासूनी. तिचा नाव..." मावशीचे ओठ हलत होते, जणू गाण्याच्या ओळीतून माग काढत होती. "साखरी. सगली तिला साखरीच बोलत."

मैत्रेयीने साखरी लिहिलं, वर माणसांसाठी आणि पोटात मशीनसाठीही. मावशीला नाव घालण्याची गोडी लागली. हे गाणं बनूबाईचं, ते मात्र आत्याकडून आलेलं, आणि हे एक तिने स्वतः विहिरीवर दुसऱ्या गावच्या धवलारणीकडून चोरून ऐकलेलं. "चोरून पण लिव," ती म्हणाली. दुपार कलली तेव्हा पानाच्या पोटात बायकांची एक सबंध रांग उभी राहिली होती.

पान नेटवर चढल्यावर बरेच दिवस काहीच झालं नाही. मुकेशभाई अधूनमधून "तुझ्या गाणेवाल्या बाईला कोणी बघतं का?" असं विचारायचे, आणि मैत्रेयी "बघतील" म्हणायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत उरणहून एका शाळेतल्या बाईंचा फोन आला. त्यांनी नेटवर आईच्या तोंडची एक ओळ मराठीत शोधली होती आणि समोर हे पान आलं. शब्द थोडे वेगळे, पण गाणं तेच. शिकवणारीच्या जागी साखरी हे नाव वाचून त्या दचकल्या होत्या.

"माझी आजी एका साखरीचं नाव घ्यायची," त्या म्हणाल्या. "माहेरची मोठी गाणारी. तीच का ही, मला नाही माहीत. कोणाला विचारू?"

मैत्रेयीने काकांना फोन केला. काकांनी माणूस पाठवून मावशीला घरी आणवलं. मैत्रेयी पोचली तेव्हा अंजनाकाकी मावशीच्या कानाला फोन धरून उभ्या होत्या आणि पलीकडे बाईंनी आपल्या म्हाताऱ्या आईला बसवलं होतं.

"कोन?" मावशी ओरडली. "कुठची तू? साखरीची तुझी कोन?"

पलीकडून बारीक आवाज आला, गाव आणि घर सांगणारा. "गो, आमचीच साखरी ती!" मावशी म्हणाली. मग तिने फोन कानापासून दूर केला आणि मैत्रेयीला हाताने खूण केली, मशीन उघड म्हणून.

"लिव," ती म्हणाली. "ही सांगतेय, साखरीला एक बहीन होती."